खिडकी कुठे कापायची

पेन्सिलीचं काम फ्रेमिंगला आलं की मी दुकानातली मोठी ट्यूब बंद करतो आणि टेबलावरचा दिवा कागदाच्या अंगाला, अगदी खाली आणून लावतो. तिरप्या उजेडात काहीच लपत नाही. हात कुठे दाबून गेला, कुठे नुसता टेकत गेला, रबराने कुठे कागदाची लव उठवली, सगळं वर येतं. समोरून दिवा मारला तर ग्रॅफाइट चकाकतं आणि जो भाग सगळ्यांत काळा दिसायला हवा तोच पांढुरका होतो. गिऱ्हाइकाला वाटतं, कागदाला कसर लागलीय का ते मी बघतोय. तेही बघतोच, पावसाळ्यानंतर तर बघावंच लागतं. पण माझा खरा शोध असतो तो खिडकी कुठे कापायची याचा.

खिडकी म्हणजे माउंटबोर्डात तिरक्या कडेने कापलेला चौकोन, ज्यातून चित्र दिसतं. तैलचित्राला ही भानगड नसते. कॅनव्हास संपला की चित्र संपलं, भोवती पट्टी मारा आणि द्या. पेन्सिलीचं तसं नाही. मोठ्या कागदाच्या डाव्या कोपऱ्यात एक माणूस बसलाय, उरलेला कागद कोरा. आता चित्र कुठे संपलं? 'माणसाला धरून कापा हो, उगाच मोठी फ्रेम कशाला,' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की गिऱ्हाईक दारात दिसलं तरी ते कानात वाजतं. त्यात त्यांचाही दोष नाही. पट्टी फुटावर विकली जाते आणि कोऱ्या कागदाचे पैसे द्यायला कुणालाच आवडत नाही.

दुकान वडिलांचं. त्यांच्या काळात देवांच्या तसबिरी, लग्नातले जोडफोटो आणि वारलेल्यांचे हार घातलेले फोटो, एवढंच काम. मी चित्रकलेचा डिप्लोमा केला, फिगरमध्ये बरा होतो, चित्रकार व्हायचं राहिलं आणि कटर हातात आला. दुःख वगैरे काही नाही. उलट चित्र काचेआड जायच्या आधी ते उघडं, हातात घेऊन बघायला मिळणं ही चैन फार थोड्यांच्या वाट्याला येते.

फिगरच्या वर्गातला पहिला धडा चेहऱ्याचा नव्हताच. मॉडेल उभं राहिलं की सर खडूने त्याच्या पावलांभोवती रेघ मारायचे, म्हणजे ब्रेकनंतर पावलं बरोबर तिथेच यावीत. आम्ही डाँकीवर, म्हणजे पुढे बोर्ड टेकवायची सोय असलेल्या बाकावर, टांग टाकून बसायचो, हात ताठ करून पेन्सिल उभी धरायचो आणि एक डोळा मिटायचो. गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडायचा. मॉडेलने एका पायावर भार दिला असेल तर तो ओळंबा त्याच पायाच्या घोट्याशी उतरतो. नाही उतरला तर तुमच्या कागदावरचा माणूस पडतो. नाकडोळे कितीही सुबक काढा, तो पडतोच. सर म्हणायचे, भार कुठे आहे ते आधी सांग, नाव मग विचारू.

त्या वेळी हे तंत्र वाटलं. दुकानात बसल्यावर कळलं की चित्र वाचायचीही हीच पद्धत आहे. मी आजही आधी भार शोधतो. टाचेत आहे, नितंबात आहे, की टेकवलेल्या कोपरात? आणि तो भार खाली कशावर जातो? जमीन काढलेली आहे का? नसेल, तर कोरा कागदच जमिनीचं काम करतो. म्हणून तो कापताना माझा हात अडतो. माणसाच्या बाह्यरेषेला धरून कापलं तर त्याच्या खालची जमीनच जाते.

मागे एका निवृत्त चित्रकला शिक्षकांची नात त्यांचा जुना पोर्टफोलिओ घेऊन आली. आजोबा जे. जे. स्कूलचे. ही शाळा 1857 ची. तिथे बराच काळ विद्यार्थी माणूस काढायला शिकायचे ते प्लास्टरच्या ग्रीक-रोमन पुतळ्यांवरून. पुतळा दमत नाही, हलत नाही, त्याला घाम येत नाही. जिवंत, विवस्त्र मॉडेल समोर बसवून रेखाटनाचा रीतसर वर्ग सुरू झाला तो कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन 1919 मध्ये शाळेवर आले त्यानंतर. आजोबा त्यानंतरच्या कितीतरी पिढ्यांपैकी एका पिढीतले. त्यांच्या कागदांत दोन्ही होतं, पुतळेही आणि माणसंही, आणि फरक तिरप्या उजेडात लगेच कळत होता. पुतळ्यांची कडा एकेरी. माणसांची दुहेरी, कधी तिहेरी. लांबलचक पोज असली की मॉडेलचा खांदा हळूहळू उतरतो, कंबर एका बाजूला बसते, मान कलते. विद्यार्थी नेटका असेल तर जुनी रेघ पुसून नवी मारतो, पण पुसलेली पूर्ण जात नाही. त्या दोन रेघांमधलं अंतर म्हणजे मॉडेलने काढलेला तास.

नात म्हणाली, "काका, यातली दोन-तीनच चांगली आहेत. बाकी सगळी कच्ची दिसतायत."

चांगली म्हणजे गुळगुळीत. एका दाढीवाल्या म्हाताऱ्याचं हेड स्टडी होतं, सुरकुतीन् सुरकुती घोटलेली. कच्ची म्हणजे फिगर्स. त्यातल्या एका उभ्या बाईच्या अंगावरून गळ्यापासून टाचेपर्यंत एक फिकी सरळ रेघ गेली होती. "ही मधली रेघ पुसून देता येईल का?"

म्हटलं, "ताई, तोच आजोबांचा ओळंबा आहे. तो पुसला तर बाकी काही उरत नाही." तिला ते पटलं की माझ्या आवाजाने ती घाबरली, कोण जाणे. रेघ राहिली.

खरी चर्चा झाली ती दुसऱ्या एका कागदावर. स्टुलावर पाठमोरी, जराशी वळून बसलेली विवस्त्र बाई. चेहरा म्हणजे गालाची एक रेघ आणि अंबाड्याचा गोल, बस्स. पण उजवा तळवा तिने स्टुलाच्या कडेवर रोवलेला होता आणि तिथे सहा-बी पेन्सिल इतकी दाबली होती की मागच्या बाजूने कागदाला बोट लावलं तर उंचवटा लागत होता. हातावर भार आल्यामुळे उजवा खांदा कानाकडे चढलेला. डाव्या बाजूचं सगळं सैल, फिकं, जवळजवळ सांडलेलं. पाय गुडघ्यांखाली धुरकट होत संपलेले.

नातीबरोबर तिची आई होती. त्या इतका वेळ गप्प होत्या. म्हणाल्या, "अहो, हे खांद्यापर्यंतच कापा. हॉलमध्ये लावायचंय. लोक येतात-जातात."

ही मागणी मला नवी नाही. माउंट हा फार सोयीचा पदर आहे. कितीतरी घरांत न्यूड्स खांद्यापर्यंतच लटकतात. वाद घालून उपयोग नसतो. मी माउंटबोर्डाचे दोन एल काढले. हे काटकोनी तुकडे चित्रावर सरकवून खिडकी लहानमोठी करून बघता येते. आधी त्या म्हणाल्या तसं खांद्याशी धरलं. चढलेला खांदा तेवढा दिसला, त्याच्या खालचा हात नाही. बाईने खांदा उडवलाय असं वाटायला लागलं, जणू कुणी काही विचारलंय आणि ती म्हणतेय, मला काय माहीत. मग एल हळूहळू खाली नेले. कोपर आलं, मनगट आलं, रोवलेला तळवा आला. आई वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "दमलीय हो ती."

मी एवढंच म्हटलं, "हो."

हे वाचन त्यांनी केलं, मी नाही. शाळेत कधी एलिमेंटरीलाही बसले नव्हते, असं त्यांनीच नंतर सांगितलं. पण स्टुलावर हात रोवून उठण्याआधी क्षणभर थांबलेली बाई त्यांना ओळखता आली. चित्र पूर्ण कागदासकट फ्रेम झालं. हॉलमध्ये नाही लागलं, आतल्या पॅसेजमध्ये लागलं. माझं काही म्हणणं नाही.

चित्र कुठे संपतं आणि भार कुठे जातो, हा पेच आधुनिक चित्रकारांनी जाणूनबुजून वाढवला. त्यांच्या आधीचा, फ्रेंच चित्रकार आंग्रसारखा जुना माणूस घ्या. नेपोलियन पडल्यानंतरच्या दिवसांत रोममध्ये तो प्रवाशांची पेन्सिल-व्यक्तिचित्रं काढून पोट भरायचा. चेहरा बारीक छायांकित, पण कोट, शाल, बाह्या चार रेघांत. कठीण, टोकदार पेन्सिलीची ती करामत. तशी पेन्सिल युरोपात मिळायला लागली होती ती 1795 मध्ये कोंतेने ग्रॅफाइटच्या भुकटीत माती कालवून भाजण्याची युक्ती काढली म्हणून. फ्रान्सचं इंग्लंडशी युद्ध चालू, तिथलं चांगलं ग्रॅफाइट बंद, म्हणून ही खटपट. माती जास्त तर कांडी कठीण, कमी तर मऊ. आपल्या दप्तरातल्या एचबीचा वंश तिथे पोचतो. असो. आंग्रच्या चित्रात निदान चेहरा तरी बघणाऱ्याला धरायला असतो. पिकासोने पहिल्या महायुद्धाच्या काळात आंग्रची ती रेघ उचलली आणि पुढे बऱ्याच चित्रांत छायाही टाकून दिली. उरली फक्त रेघ.

त्या रेघेचं काय होऊ शकतं, याचा किस्सा संगीतकार स्त्राविन्स्कीने आपल्या आत्मचरित्रात सांगितलाय. 1917 मध्ये पिकासोने रोममध्ये त्याचं चित्र काढलं. ते घेऊन तो स्वित्झर्लंडला परतत असताना कियासोच्या सीमेवर इटालियन अधिकाऱ्यांनी सामान तपासलं आणि चित्र अडवलं. त्यांच्या मते तो नकाशा होता. स्त्राविन्स्कीने सांगून पाहिलं की हा नकाशा असलाच तर माझ्या तोंडाचा आहे. त्यांनी ऐकलं नाही. शेवटी चित्र रोममधल्या ब्रिटिश वकिलातीकडे गेलं आणि राजनैतिक टपालातून पॅरिसला पोचलं.

हा किस्सा लोक हसण्यावारी नेतात. मला ते अधिकारी बिनडोक वाटत नाहीत. युद्ध चालू आहे, कागदावर छाया नाही, नुसत्या वळत गेलेल्या रेघा आहेत. माणूस आहे हे आधी मान्य केल्याशिवाय त्या रेघांचा माणूस होतच नाही. दुकानात येणारे निम्मे लोक त्या अधिकाऱ्यांसारखेच असतात आणि त्यांना हसून भागत नाही, एल घेऊन दाखवावं लागतं.

एगॉन शीले तर माझ्यासारख्याच्या मुळावर उठलेला. व्हिएन्नाचा हा पोरगा 1918 च्या फ्लूच्या साथीत अठ्ठाविसाव्या वर्षी गेला. 1910 पासून त्याने आपल्या माणसांखालचा पलंग, खुर्ची, जमीन सगळं काढून घेतलं. टोकदार कोपरं, आवळलेले गुडघे, आणि भोवती काहीच नाही. त्याला काम करताना पाहिलेल्यांनी लिहून ठेवलंय की तो झरझर काढायचा आणि रबराला हात लावायचा नाही. रंग नंतर, मॉडेल समोर नसताना भरायचा. शिडीवर चढून वरून रेखाटायचीही त्याला सवय. आणि सही! बाई आडवी झोपलीय हे उघड दिसतंय, पण सही अशी केलेली की कागद उभा धरला तरच ती वाचता येते. तसा धरला की तीच बाई हवेत उभी राहते. पाठीचा भार, जो गादीवर असायला हवा, तो कुठे जातो ते कळतच नाही आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. फ्रेमवाल्याच्या दृष्टीने प्रश्न साधा आहे, मागचे हूक कुठल्या बाजूला लावायचे? पण हूक बदलला की माणूस बदलतो. छापील प्रतीच आल्यात माझ्याकडे शीलेच्या, अस्सल कुठून येणार. तरी दर वेळी मी गिऱ्हाइकाला सही दाखवतो, आणि निम्मे जण म्हणतात, छापताना उलटं झालं असेल.

शिल्पकार-चित्रकार जाकोमेत्तीबद्दल मात्र मला धंद्यातल्या भावासारखं वाटतं. तो पेन्सिलीच्या रेघांइतकंच रबरानेही काढायचा. चेहरा रेघांच्या जाळ्यातून उभा करायचा आणि मग त्यावरून रबराचे फटकारे, उजेडाच्या पट्ट्या पडल्यासारखे. माणूस कागदाच्या मधोमध, लहानसा, लांब उभा असल्यासारखा. आणि कितीदा तरी तो स्वतःच आकृतीभोवती पेन्सिलीने चौकट आखायचा, कधी एकात एक दोन. म्हणजे हा माणूस एवढ्या पोकळीत उभा आहे, याच्या आत कापू नका, असं त्याने फ्रेमवाल्याला लिहूनच दिलेलं. सगळ्यांनी असं केलं तर माझी निम्मी डोकेदुखी जाईल.

आणि एकाने तर फ्रेमलाच चित्रात घेतलं. 1953 मध्ये रॉबर्ट राउशनबर्ग या अमेरिकी चित्रकाराने ज्येष्ठ चित्रकार विलेम द कूनिंगकडून एक रेखाटन मागून घेतलं, ते खोडून टाकण्यासाठी. द कूनिंगने मुद्दाम पुसायला कठीण असं दिलं. राउशनबर्गने ते घासघासून जवळजवळ कोरं केलं, त्याच्या चित्रकार मित्राने, जॅस्पर जॉन्सने, खाली नेटक्या अक्षरात मथळा लिहिला, आणि सोनेरी पट्टीच्या फ्रेमसकट ते एक चित्र झालं. फ्रेम काढली तर कृतीच मोडते. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयाने 2010 मध्ये इन्फ्रारेड छायाचित्र घेऊन त्यावर काम केलं, तेव्हा खाली मानवी आकृत्यांचे माग दिसले. मला त्यात आश्चर्य वाटलं नाही. दाबून काढलेला माणूस रबराने जात नाही, हे माझा टेबललॅम्प रोज सांगतो.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर सुधीर पटवर्धन. पुण्याच्या एएफएमसीत वैद्यकीचं शिक्षण, मग ठाण्यात 1975 ते 2005 रेडिओलॉजिस्ट म्हणून व्यवसाय, आणि त्याच्या जोडीने चित्रं. दिवसभर माणसाच्या आतला सांगाडा उजेडावर धरून वाचणारा माणूस संध्याकाळी रस्त्यावरच्या, स्टेशनावरच्या, इराण्याच्या हॉटेलातल्या माणसांकडे कसा बघत असेल? 2019 च्या अखेरीला मुंबईच्या एनजीएमए या कलासंग्रहालयात त्यांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन लागलं, तेव्हा मी तिथे माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा त्यांचे खांदे आणि पोटऱ्या बघत फिरलो. दुबळा असो, जाडजूड असो, प्रत्येकजण स्वतःच्या पायांवर आपलं वजन घेऊन उभा आहे. कुणी वाकलेला असेल तर कशाने वाकलाय ते मणक्यात दिसतं. हे शिकवून येत नाही म्हणतात. मला वाटतं बघून येतं, पण फार बघावं लागतं.

याच्या दुसऱ्या टोकाला सध्याचं एक पीक आहे, मोबाइलमधल्या फोटोवरून काढलेली हुबेहूब पेन्सिल-पोर्ट्रेट्स. वाढदिवसाला, लग्नाच्या वाढदिवसाला, आईबाबांना सरप्राइज म्हणून. दुकान हल्ली बरंचसं यावरच चालतं, त्यामुळे तोंड सांभाळून बोलतो. मुलं मेहनती आहेत, पापण्यांतला केस न् केस काढतात, ओठावरची ओल काढतात. पण मान कुठे बसलीय ते विचारा. फोटोत डोकं होतं, म्हणून चित्रात डोकं आहे. ते खांद्यांवर तोललेलं नाही, मागच्या काळ्या धुरात तरंगतंय. या चित्रांची खिडकी कापायला मला काडीचा विचार करावा लागत नाही. चारी बाजूंनी दोन-दोन इंच सोडतो. कुठूनही कापा, त्या माणसाला फरक पडत नाही.

आता माझी पद्धत अशी झालीय की रेखाटन असेल तर शक्यतो खिडकी कापायचीच नाही. मागे अ‍ॅसिड-फ्री बोर्ड, वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या, गव्हाच्या स्टार्चची खळ, आणि कागद चारी कडांसकट तरंगता ठेवायचा. काच कागदाला टेकू द्यायची नाही. मऊ पेन्सिलीला अ‍ॅक्रिलिकची शीट कधी वापरायची नाही. तिच्यावर स्थिर वीज साठते आणि ती कागदावरची भुकटी वर ओढून घेते. सेलोटेप लावून आणलेलं काही आलं की माझं डोकं फिरतं, पण तो वेगळा विषय.

तरंगत्या माउंटिंगवर भांडण होतं ते स्केचबुकातून फाडलेल्या पानांवरून. स्पायरलची भोकं दिसतात ना. परवाच एकजण मुंबईहून आला, कॉलेजच्या दिवसांत लोकलमध्ये आणि दादर स्टेशनवर केलेली क्विक स्केचेस घेऊन. आता जाहिरातीच्या धंद्यात आहे, गाडी बाहेर डबल पार्क केलेली. एका पानावर खिडकीशी झोपलेला माणूस. मान छातीवर लोळलेली, टिफिनची पिशवी मांडीवर, तिच्यावर दोन्ही हात झाकण ठेवल्यासारखे ठेवलेले. मांडीच्या मध्यावर रेघा एकदम तुटलेल्या, हळूहळू विरलेल्या नव्हेत. खाली अर्धं पान मोकळं.

विचारलं, "इथे काय झालं?"

"कुर्ला आलं. उतरला तो." मग म्हणाला, "खालचं सगळं कापा, आणि ही भोकंही. नुसता माणूस ठेवा."

मी एल काढून दाखवले. खालून कापलं की तो माणूस आरामखुर्चीत पेंगणारा, कुणाचा तरी मामा होत होता. एल खाली सरकवले की पुन्हा डब्यात बसायचा, बाकाच्या कडेवर, पुढच्या धक्क्याला जागा होईल असा. चित्रकाराने दोन-तीनदा माझ्याकडूनच ते वरखाली करून घेतलं. बाहेर हॉर्न वाजत होते. "ठेवा पूर्ण," तो म्हणाला, "पण भोकांचं काहीतरी करा." भोकांचं काही केलं नाही. पट्टी जास्त लागली, तिचा हिशेब त्याने दोनदा मांडून घेतला आणि मग जीपे केलं.